अलेप्पीला जायचे ठरते तेव्हा

सांगलीच्या हळदबाजारात ‘अलेप्पी’ हा शब्द गाव म्हणून क्वचितच उच्चारला जातो. तो मालाचा शब्द आहे. राजापुरी, सेलम, निजामाबाद आणि अलेप्पी. गडद नारिंगी झाक, कुरकुमिनचे प्रमाण जास्त, म्हणून परदेशी मागणी चांगली, एवढे ज्ञान पेढीवर बसणाऱ्या मुलाला मिसरूड फुटण्याआधीच मिळते. ही हळद अलेप्पी शहरात पिकत नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ती पिकते थोडुपुळा, मूवाट्टुपुळा या बाजूच्या डोंगरउतारांवर. पूर्वी ती नावेतून कालव्यांच्या वाटेने अलेप्पीच्या बंदरावर येई आणि तिथून गलबतावर चढे, म्हणून बंदराचे नाव मालाला चिकटले. वेलदोड्याच्या ‘अलेप्पी ग्रीन’ या प्रतीचीही तीच कथा. बंदर पुढे मंदावले, गावाने आपले जुने नाव आलप्पुळा पुन्हा धारण केले, तरी व्यापाराच्या जिभेवर अलेप्पी ते अलेप्पीच राहिले.

जुन्या पेठेतले एक हळद-व्यापारी चाळीस वर्षे हा शब्द उच्चारत आले आहेत. गल्ली त्यांना अण्णा म्हणते आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. अलेप्पीचा भाव अण्णांना झोपेतही सांगता येईल. अलेप्पीचे पाणी मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते. पाहायचे ठरले होते एकदा. डिसेंबर 1999 मध्ये लग्न झाले. नव्या हळदीची आवक सुरू होण्याआधी, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, केरळला जायचे, असा बेत होता. मुंबईच्या एका प्रवासी कंपनीकडे आगाऊ रक्कम भरली गेली. दुसऱ्या आठवड्यात अण्णांच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर वडील बावीस वर्षे जगले. उजवी बाजू गेलेली, बोलणे अस्पष्ट, पण बुद्धी आणि जिव्हाळा दोन्ही शाबूत. त्यांचे अंघोळपाणी, औषध, जेवण, दर्शनाची वेळ, सारे वहिनींच्या हाती होते. 2022 साली ते समाधानाने गेले.

केरळचा विषय त्या घरात पुन्हा निघाला तो गेल्या पावसाळ्यात, आणि तोही वहीमुळे. माळ्यावरच्या जुन्या किर्दी-खतावण्या ओल धरू लागल्या होत्या. कोणत्या ठेवायच्या, कोणत्या रद्दीत द्यायच्या, हे ठरवायला अण्णा बसले. एका किर्दीत जानेवारीच्या पानावर नावे बाजूला ‘केरळ प्रवास खर्च, आगाऊ’ अशी नोंद होती. तीन पाने उलटली की जमा बाजूला तीच रक्कम, थोडी कापून, ‘परत’. अक्षर त्यांचेच, वय चोवीस. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते खाते तिथेच बंद झालेले. अण्णांनी ती वही रद्दीत टाकली नाही, एवढेच त्या दिवशी घडले. लग्नाला डिसेंबरमध्ये पंचवीस वर्षे पूर्ण होणार होती.

पुढचे दोन आठवडे त्यांनी बेत गुप्तपणे आखला. ज्या गृहस्थाने आयुष्यभर माल पाहून, वासून, मोडून मग सौदा केला, त्याने प्रवासाचीही तशीच चौकशी केली. आणि खरे सांगायचे तर, जैन कुटुंबाने त्या पाण्याच्या मुलखात जायचे म्हटले की चौकशीला विषय कमी नसतात.

पहिला विषय हाउसबोट. मल्याळीत तिला ‘केट्टुवळ्ळम्’ म्हणतात, म्हणजे बांधलेली नाव. अंजिली नावाच्या, फणसाच्या जातीतल्या झाडाच्या फळ्या काथ्याच्या दोराने एकमेकींना शिवायच्या, खिळा एकही ठोकायचा नाही, आणि वरून काजूच्या टरफलांचे उकळलेले काळे तेल माखायचे. अशा नावांतून कुट्टनाडचा भात आणि डोंगरातला मसाला बंदराकडे जाई. रस्ते झाले, मोटारी आल्या, तेव्हा नावा काठाला पडून राहिल्या. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात कोणाला तरी सुचले की त्यांच्यावर बांबूचे छप्पर घालावे, पलंग मांडावा आणि माल म्हणून प्रवासी भरावेत. अण्णांना हे फार आवडले. पडून असलेल्या गाडीला भाडे मिळवून देणारा माणूस कोणत्याही मुलखातला असो, तो आपल्याच ज्ञातीचा वाटतो.

दुसरा विषय जेवण. एका खोलीची अख्खी बोट घेतली तर स्वयंपाकी आपल्यापुरताच असतो, पण त्याच कढईत काल ‘करिमीन’ तळलेला असतो. तेव्हा भांडी आपली न्यावीत. केरळच्या पानातले काय चालते, काय नाही, याचीही त्यांनी यादी केली. कप्पा, म्हणजे टॅपिओका, कंदच, तो बाद. अवियलमध्ये सुरण असतो; तो वगळून करायला सांगावे. अप्पमचे पीठ रात्रभर आंबवलेले; ज्यांना नियम आहे त्यांनी टाळावे. इडियप्पम मात्र गरम पाण्यात उकडलेल्या तांदळाच्या पिठाचे, ताजे, वाफेवरचे. त्यावर नारळाचे दूध आणि गूळ. उकडलेली नेंद्रन केळी. शहाळे. व्रती माणूस केरळात उपाशी राहील ही समजूत आपल्याकडे उगाच पसरली आहे. अडचण पदार्थांची नसून वेळेची असते, आणि तीही या पाण्यावर आपोआप सुटते. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास हाउसबोटी काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे. म्हणजे ‘अनस्तमित’ करणाऱ्याला पाण्याचेच वेळापत्रक अनुकूल.

तिसरा विषय दर्शन. मट्टांचेरीत 1904 साली बांधलेले धर्मनाथ मंदिर आहे. गुजराती श्वेतांबर व्यापाऱ्यांनी उभारलेले. दुपारी तिथे कबुतरांना दाणे घालतात आणि ती सारी एकदम उठून शिखराभोवती फिरतात. अलेप्पीतही गुजराती गल्लीत मंदिर आहे. अठराव्या शतकात त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी तिथे बंदर वसवले आणि कच्छ-गुजरातचे व्यापारी बोलावले, त्यांची ती वस्ती. दिगंबर आम्नायाचे दर्शन हवे तर पालघाटला जैनमेडूचे चंद्रनाथस्वामींचे ग्रॅनाइटमधले मंदिर, किंवा वायनाडमध्ये कल्पेट्ट्याजवळ पुळियारमलाचे अनंतनाथस्वामींचे. जैनमेडूच्याच मुक्कामात 1907 मध्ये कुमारन आशान या कवीने ‘वीणपूवु’, म्हणजे गळून पडलेले फूल, ही मल्याळी कवितेला नवे वळण देणारी रचना लिहिली, हे त्या मंदिराच्या लौकिकात आवर्जून सांगितले जाते.

एवढी सिद्धता करून अण्णांनी एका रविवारी, मंदिरातून आल्यावर, बेत वहिनींसमोर ठेवला. बोटीचे छायाचित्र, खोलीचे छायाचित्र, भांड्यांची यादी, सूर्यास्ताची वेळ. वहिनींनी सारे ऐकून घेतले. “नको,” त्या म्हणाल्या आणि डाळ पाहायला आत गेल्या.

अण्णांना वाटले, नियमाची अडचण असेल. त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले की पाणी गाळायला गाळणे घेऊ, चुलीची जागाही निराळी सांगू. “नको.” मग वाटले, खर्चाचा विचार करत असेल. मग वाटले, आईंना एकटे ठेवायला मन घेत नसेल. ऐंशी वर्षांच्या आहेत. प्रत्येक शंकेला त्यांनी उत्तर तयार केले आणि प्रत्येक उत्तराला तोच शब्द परत आला. घरात बोलणे कमी झाले. व्यापारी माणसाला नकार सोसतो. कारण न दिलेला नकार सोसत नाही.

कारण शेवटी आईंनी सांगितले. दुपारी जपमाळ बाजूला ठेवून त्या मुलाला म्हणाल्या, “अरे, ती बोटीत बसलीय एकदाच. आठवतं का तुला?”

अण्णांना आठवायला हवे होते, पण त्या दिवशी ते घरात नव्हते. ऑगस्ट 2019. कृष्णेचे पाणी पेठेत शिरले तेव्हा ते गुदामातला माल वरच्या थराला चढवायला गेले आणि तिकडेच अडकले. जुन्या माणसांना 2005 चा पूर ठाऊक होता. त्या पुराने हरिपूरची हळद साठवायची कित्येक पेवे निकामी केली होती. 2019 चे पाणी त्याहून वर चढले. घराच्या तळमजल्यात छातीइतके पाणी, वर माडीत वहिनी, आई आणि अंथरुणाला खिळलेले मामंजी. तिसऱ्या दिवशी बचावपथकाची रबरी बोट गॅलरीशी लागली. मामंजींना चादरीच्या झोळीतून उतरवले. त्यांचे डोके वहिनींच्या मांडीवर, एक हात बोटीच्या कडेला, खाली ओळखीच्या गल्लीवरून वाहणारे गढूळ पाणी. दुकानांच्या पाट्या हाताला लागत होत्या. बोट एका विजेच्या खांबाला घासून एका बाजूला कलली, तेव्हा मामंजींनी डावा हात, जो चालत होता तो, सुनेच्या मनगटाभोवती घट्ट आवळला आणि सुटका होईपर्यंत सोडला नाही. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांची बोट उलटून माणसे बुडाल्याची बातमी आली. वहिनींनी त्यानंतर नदीघाटाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. घर धुवायचे होते, गाळ काढायचा होता, मामंजींचे औषध पुन्हा आणायचे होते.

पंचवीस वर्षे एका छताखाली राहूनही अशी एखादी खोली बंदच राहते. संयुक्त कुटुंबात माणसे इतकी जवळ असतात की दोघांनी एकमेकांना काही विचारण्याचे प्रसंग कमी येतात. सासूला सुनेचे जे दिसले ते मुलाला दिसले नाही. त्यात दोष कोणाचा याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही, पण घरोघरी हे असेच असते.

अण्णांनी त्या रात्री बेताचे कागद घडी घालून ठेवले. “जायचं नाही तर नको. महाबळेश्वरला जाऊ,” ते म्हणाले.

वहिनी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “जायचं नाही असं मी म्हटलं नाही. तुम्ही बोट ठरवून आलात. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

येथून पुढे बेत वहिनींचा झाला. त्यांची चौकशी अण्णांच्या चौकशीहून निराळी होती. अण्णांनी खोली किती मोठी हे विचारले होते; वहिनींनी पाणी किती खोल हे विचारले. वेंबनाड हे देशातले सर्वांत लांब सरोवर, पण कुट्टनाडमधले कालवे अरुंद आहेत आणि पाणी बहुतेक संथ, हे मुलाने नकाशावर दाखवले. त्याने आदल्या वर्षीची तानूरची दुर्घटनाही लपवली नाही. मे 2023 मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात अंधार पडल्यावर निघालेली, क्षमतेबाहेर माणसे भरलेली पर्यटकांची बोट उलटली आणि 22 जण गेले. वहिनींनी ते शांतपणे ऐकले आणि आपले नियम ठरवले. अंधारात पाण्यावर नाही. रात्रीचा मुक्काम जमिनीवर. जीवरक्षक जाकीट अंगावर, पाटाखाली ठेवलेले नव्हे. बोटीचे नोंदणीपत्र आणि माणसांची मर्यादा आधी विचारायची. आणि पहिली बोट मोठी, सरकारी, शाळेची मुले आणि बाजाराच्या पिशव्या घेऊन बायका जिच्यात बसतात ती. राज्य जलवाहतूक खात्याची आलप्पुळा ते कोट्टयम अशी बोट अडीच तासांच्या आसपास जाते. तिकीट बसच्या तिकिटासारखे किरकोळ. “ज्या बोटीत रोज पोरं शाळेला जातात, तिच्यात मी बसेन,” असे त्या म्हणाल्या. या वाक्यात प्रवासाचे जे शहाणपण आहे ते महागड्या माहितीपत्रकांत सापडायचे नाही.

हाउसबोट त्यामुळे यादीतून गेली. तिच्या जागी कुट्टनाडमधल्या एका घरगुती मुक्कामाचे ठरले. शाकाहारी घर, कालव्याच्या बांधावर, मागे भातशेते. सकाळी वल्ह्याच्या छोट्या होडीतून अरुंद कालव्यांत फिरायचे, जिथे मोठ्या बोटी शिरत नाहीत. त्यात इंजिन नाही, म्हणून पाण्यावर तेलाचा तवंग नाही. शेकडो हाउसबोटींचे सांडपाणी आणि डिझेल त्या सरोवराला सोसवेनासे झाले आहे, ही गोष्ट आता केरळातच उघड बोलली जाते. त्रस-स्थावर जीवांचा विचार करणाऱ्या श्रावकाने पाण्यावरची गादी निवडताना खालच्या पाण्याचाही विचार करावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. शिवाय काठावरच्या बायका पायरीवर धुणे धूत असतात, भांडी घासत असतात. त्यांच्या अंगणासमोरून दिवसभर परके डोळे जात असतात. होडीतून गेले तर निदान नजरेच्या उंचीवर जाता येते आणि मान लववता येते.

कुट्टनाडची माहिती वाचताना वहिनी रमल्या त्या तिथल्या शेतीत. समुद्रसपाटीखालची ही शेती. कायलीच्या तळातला गाळ उपसून भोवती बांध घालायचा, आतले पाणी बाहेर टाकायचे आणि उरलेल्या चिखलात भात पेरायचा. पाणी उपसायला ‘पेट्टी-परा’ नावाचा लाकडी पंप. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात चित्तिरा, मार्ताण्डम, राणी अशी शेकडो एकरांची शेते जोसेफ मुरिक्कन यांनी अशी सरोवरातून वर काढली. 2013 मध्ये अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला जागतिक वारशाचा मान दिला. मात्र या कथेला दुसरी बाजू आहे. खारे पाणी अडवायला सत्तरच्या दशकात तण्णीरमुक्कम येथे बंधारा झाला. डिसेंबरच्या सुमारास त्याची दारे लावली की भात वाचतो, पण समुद्राची ये-जा थांबते, पाणी साचते, जलपर्णी माजते आणि मासेमाराचे पोट मारले जाते. दारे केव्हा उघडायची यावर शेतकरी आणि कोळी यांचे वर्षानुवर्षे भांडण. कृष्णाकाठच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. धरणाचा विसर्ग केव्हा आणि किती, या प्रश्नावर सांगलीची रात्रीची झोप अवलंबून असते. 2018 चा पूर कुट्टनाडने सोसला, 2019 चा सांगलीने. तिथली घरे कशी सावरली, तळमजल्याच्या भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांनी पुसली की ठेवली, हे वहिनींना त्या घरच्या बाईला विचारायचे आहे. भाषेची अडचण येईल. तरी विचारायचे आहे.

तारखा ठरायला वेळ लागला नाही. चातुर्मासात वहिनींचा देशव्रताचा नियम होता, कोल्हापूरच्या पलीकडे जायचे नाही. तो संपल्यावर, आणि माघात नवी हळद यार्डात येण्यापूर्वी, डिसेंबरचा दुसरा आठवडा. गाडी पूर्णा एक्सप्रेस, आठवड्यातून एकदा पुण्याहून निघणारी. मिरजेला चढायचे, बेळगाव, मडगाव करत किनाऱ्याने एर्नाकुळमला उतरायचे. विमानाने लवकर पोचता येते, हे मुलाने सांगून पाहिले. पण डबा खिडकीशी बसून, उजेडात, स्वतःच्या हातचा खाता येतो तो रेल्वेतच. दशम्या, लसूण न घातलेले भडंग, शेंगदाण्याची चटणी, गव्हाच्या पिठाचे लाडू. खालचे बर्थ दोन्ही मिळाले.

आईंचे काय, हा प्रश्न आईंनीच निकालात काढला. लेक चार दिवस राहायला येणार आहे. “बावीस वर्षं तिनं माझ्या घरधन्याला पाहिलं. चार दिवस मला कोणी नाही पाहिलं तरी चालेल,” असे त्या लेकीला म्हणाल्या आणि लगेच आपल्या गोळ्यांच्या वेळा लिहून घ्यायला लावल्या.

मधल्या काळात एक गोष्ट झाली. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी, सूर्यास्ताला बराच अवकाश असताना, वहिनी स्वतःहून म्हणाल्या की हरिपूरला संगमावर जाऊ. घाटावर दोघे बसले. नदी उतरली होती. खुंटाला एक नाव बांधलेली होती. नावाडी कोठे तरी गेलेला. वहिनींनी चप्पल पायरीवर काढली, अण्णांचा हात धरला आणि नावेत जाऊन बसल्या. नाव सुटलेली नव्हती, हलत मात्र होती. मनगटावर एकदा दुसरा हात फिरवला. दहा-पंधरा मिनिटे झाली असतील. अण्णा काही बोलले नाहीत. भाव आला की बोलायचे आणि नसला की गप्प बसायचे, हे त्यांना पेढीने शिकवले आहे, घरात ते पहिल्यांदाच उपयोगी पडले.

एक बाब तेवढी वादात राहिली. ती म्हणजे अण्णांचा फोन. डिसेंबरात आवक थोडी असली तरी वायदेबाजार चालूच असतो, आणि अण्णांना दर तासाला दर पाहिल्यावाचून चैन पडत नाही. वहिनींचे म्हणणे, तुम्हीही चार दिवसांचा नियम घ्या. निरर्थक व्यापार टाळणे हाही गुणव्रताचाच भाग. अण्णांचे म्हणणे, दर पाहणे निरर्थक कसे? मुलाने मध्यस्थी केली, पेढी तो सांभाळेल. अण्णा म्हणाले, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. वहिनी म्हणाल्या, सामायिकाला जेवढा वेळ तेवढा, दोन घडी, अठ्ठेचाळीस मिनिटे, दिवसातून एकदाच, आणि होडीत असताना मुळीच नाही. अण्णांनी बारा मिनिटे वाढवून मागितली. वहिनींनी दिली नाहीत.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. वरच्या कप्प्यात गाळण्याचे पांढरे फडके, दोघांच्या ताटल्या, आणि कागदात गुंडाळलेली मूठभर सांगलीची राजापुरी हळकुंडे. अलेप्पीच्या मालाशेजारी ठेवून रंग पाहायचा, असे अण्णा म्हणतात.